गेझीनाबाईंचा सत्कार

गेझीना ल्यूर्स हे नाव गिरिजाने पहिल्यांदा ऐकलं ते नवऱ्याच्या तोंडून, आणि तेही शिवीच्या सुरात. रूपेश बोटीवर सेकंड इंजिनियर. २०१२ साली त्याची बोट सिंगापूरच्या बंदरात लागली होती. तिथल्याच सेंगकांग भागातल्या आपल्या फ्लॅटवर तो जेवायला आला तोच धुमसत.

"एक जर्मन बाई आली होती क्रेन तपासायला. वायर रोप नापास करून गेली. कॅप्टन म्हणाला, अजून सहज चालेल. तर म्हणते कशी, चालेलही, पण तसं मी लिहून देणार नाही."

"मग चुकलं काय तिचं?" गिरिजाने पोळी वाढत विचारलं.

"चुकलं काहीच नाही. त्याचाच तर राग आहे."

पुढच्याच वर्षी ही बाई त्यांच्या मुलीची, जाईची, फुटबॉलची कोच झाली. गेझीना राहायचीही सेंगकांगलाच, दोन ब्लॉक पलीकडे. ऑफिस हार्बरफ्रंटला. आठवडाभर बोटींवर चढून हूक, साखळ्या, दोर तपासायचे आणि शनिवारी सकाळी मैदानावर मुलींना खेळवायचं. सुरुवात ऑफिसातल्या कुणाच्या तरी दोन मुलींपासून झाली. मग मराठी घरांतल्या मुली एकीच्या मागे एक येऊ लागल्या, आणि बघता बघता संघ उभा राहिला. गेझीना एक डॉलर घेत नसे. त्यामुळे आयांना आधी संशय आला, मग आदर वाटू लागला.

बाई उंच, खांद्यांनी रुंद. केस आखूड. उजव्या गुडघ्यावर उभा व्रण, आणि तो पाय किंचित ओढत चालायची. धावून दाखवायचं तिने सोडलं होतं. एका जागी उभी राहून डाव्या पायाने चेंडू मारायची, आणि तो बोट दाखवलेल्या ठिकाणी जायचा.

शिकवायची पद्धत मात्र बऱ्याच जणींना जड गेली. पहिला महिना उजव्या पायाने चेंडूला शिवायचं नाही. मुली रडकुंडीला यायच्या. "ज्या पायाने येतं त्याची मला काळजी नाही," ती म्हणायची. उशिरा आलेल्या मुलीला ती ओरडत नसे. फक्त खेळ थांबवून ती तयार होईपर्यंत सगळ्यांना उभं करायची. दुसऱ्या वेळी कुणी उशिरा येत नसे. एका आईने हळूच सुचवलं, "मॅडम, जरा कौतुक करत जा. लहान आहेत." गेझीनाने विचार केला आणि म्हणाली, "चेंडू जाळीत गेला की तिला कळतं. मी आणखी काय सांगू?"

गिरिजाला हे पटायचं. नवरा वर्षातले आठ महिने पाण्यावर, म्हणजे घर, शाळा, दुखणीखुपणी सगळं एकटीने ओढायचं. कौतुकाची वाट बघत बसलं तर भात लागतो, हे तिला ठाऊक होतं.

२०१५ साली कॅनडात बायकांचा विश्वचषक झाला. जर्मनीच्या पुरुषांनी त्याच्या आदल्याच वर्षी कप नेला होता. घराघरात तेव्हा फुटबॉलची चर्चा. यिशुन-सेंगकांग भागातल्या मराठी कुटुंबांचं एक छोटं मंडळ होतं. त्याचा सर्वेसर्वा संजीव, यिशुनला राहणारा, आयटीतला मॅनेजर. त्याची मुलगी गार्गी याच संघात खेळायची. मैदानाचं बुकिंग तो आपल्या नावावर करायचा, आणि अर्ध्या मुली त्याच्याच मित्रांच्या. माणूस कामाचा. दोन वर्षांपूर्वी जाईला डेंगी झाला, रूपेश भर समुद्रात होता, तेव्हा यिशुनहून गाडी घेऊन हाच आला आणि जाईला उचलून हॉस्पिटलात घेऊन गेला. गिरिजा ते विसरलेली नव्हती.

"गिरिजा वहिनी," संजीव फोनवर म्हणाला, "यंदा गणपतीत गेझीनाबाईंचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. तुमचं तिच्याशी जमतं. तिला तयार करा आणि परिचय लिहा. बाकी माझ्यावर सोडा."

शनिवारी खेळ संपल्यावर गिरिजा तिला ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये घेऊन गेली. जाई बाजूच्या टेबलावर संघातल्या मैत्रिणींबरोबर, कान इकडेच. गेझीनाने बिनदुधाची कोपी, म्हणजे तिथली कॉफी, मागवली. दोघींचं बोलणं इंग्रजीत चालायचं. तिचं जर्मन वळणाचं, हिचं पुणेरी.

"सत्कार म्हणजे काय करतात?"

"तुझ्या खांद्यावर शाल घालतात. हातात नारळ देतात. कुणीतरी चार शब्द बोलतं."

"नारळ कशाला?"

"मान म्हणून."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. स्टेजवर बसायचं."

"ते जमेल," गेझीना म्हणाली. "बसायचा मला सराव आहे. जर्मनीसाठी मी बसलेलीच आहे."

गिरिजाला कळलं नाही. मग गेझीनाने सगळं सांगितलं, विचारलं तेवढंच, पण काही न लपवता.

जन्म १९७२चा. उत्तर जर्मनीत वेझर नदीच्या काठी एक खेडं, वडील तिथल्या वीटभट्टीवर. भट्टीच्या आवारात लांबलचक शेड होती. तिच्यात कच्च्या विटा रचून वाळत घालायच्या. पोरीला खेळायला जागा तेवढीच. शेडच्या टोकाला दोन खांब, मागे भिंत, आणि दोन्ही अंगांना विटांचे थर. वडिलांनी एकच नियम घातला: जेवढ्या विटा मोडशील तेवढ्या स्वतः पाडून द्यायच्या. माती मळायची, साच्यात दाबायची, काठ पुसून काढायचे. पहिल्या उन्हाळ्यात तिने चेंडू मारले थोडे आणि विटा पाडल्या फार. तिसऱ्या उन्हाळ्यात विटा मोडायच्या थांबल्या.

"म्हणजे वडील तुझे पहिले कोच," गिरिजा म्हणाली.

"छे! त्यांनी मला खेळताना पाहिलंच नाही कधी. ते फक्त विटा बघायचे."

गावात ती मुलांच्या संघात खेळली. मोठी झाल्यावर मुलांबरोबर खेळायची परवानगी संपली. बायकांचा क्लब होता तो शहरात. सायकलने हमरस्त्यापर्यंत, तिथे सायकल झाडाला बांधायची आणि पुढे बस. जर्सी पुरुषांच्या संघाच्या जुन्या, कोपराखाली लोंबणाऱ्या. १९९०मध्ये बायकांची वरच्या श्रेणीची लीग सुरू झाली आणि तिच्या क्लबला तीत जागा मिळाली. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. त्याच सुमारास एका कारखान्यात फिटरचं काम शिकत होती. क्रेनचे हूक आणि कप्प्या बनवायचा कारखाना. पहाटेची पाळी, दुपारी सुटी, संध्याकाळी सराव. रविवारी सामना. सामना लांबच्या गावी असला तर रात्रभर बसने परत आणि सोमवारी तसंच कामावर. संघात एक पाव भाजणारी होती, दोघी नर्स, एक टपाल वाटायची. खेळावर पोट भरणारी एकही नव्हती.

ती स्ट्रायकर होती, पण वेगवान नव्हती. हे तिनेच सांगितलं. डिफेंडर तिच्यापेक्षा जोरात पळायच्या. म्हणून ती त्यांच्या आधी निघायची. चेंडू कुठे पडेल ते बघून, कुणी पास देण्याआधीच. दहा वेळा निघायचं, नऊ वेळा फुकट पळायचं. लोकांना दिसायची ती दहावी वेळ.

एका वर्षी सगळ्यांत जास्त गोल करणारीच्या ती एकाच गोलाने मागे होती. शेवटच्या सामन्यात कॉर्नरवरून चेंडू आला, तिने उडी मारली, आणि चेंडू जाळीत गेला. रेफरीने गोल तिच्या नावावर मांडला. सामना संपल्यावर ही त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, माझा स्पर्श झाला नाही, त्यांच्या डिफेंडरच्या पाठीला लागून गेला. त्याने खोडलं. हिचा नंबर दुसरा लागला.

"अगं पण कुणाला कळलं असतं?" गिरिजाने विचारलं.

"त्या डिफेंडरला. तिच्या पाठीला लागला होता."

पुढे एकदा राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. शिबिर झालं, आणि एका मैत्रीपूर्ण सामन्यात ती राखीव बाकावर बसली. शेवटी शेवटी कोचने अंग गरम करायला सांगितलं. ती रेषेबाहेर पळून आली, जॅकेटची चेन उघडली, आणि शिट्टी झाली. सामना संपला. पुढच्या वसंतात गुडघा गेला. आतला अस्थिबंध तुटला. ऑपरेशन, वर्षभर व्यायाम, मग परत क्लबच्या संघात. पण राष्ट्रीय संघाचं बोलावणं पुन्हा आलं नाही. २००३ साली जर्मनीच्या बायकांनी विश्वचषक जिंकला तेव्हा ती घरी गुडघ्यावर बर्फ ठेवून टीव्ही बघत होती. त्या संघातल्या बऱ्याच जणींच्या विरुद्ध ती खेळली होती.

"चांगल्या होत्या?"

"माझ्यापेक्षा चांगल्या. एकीला मी दोनदा पाडलं, तरी उठून तिनेच गोल केला."

२००६ साली तिने खेळ सोडला. सकाळी गुडघा वाकायला वेळ लागू लागला, पाळीला उशीर झाला असता. खेळ सुटला, पाळी सुटली नाही. पुढे ती तपासनीस झाली आणि २०११मध्ये कंपनीने तिला सिंगापूरला पाठवलं.

गिरिजाने हे सगळं मनात जुळवून घेतलं. गेझीनाने कप खाली ठेवला.

"मी येते. पण एक अट आहे. जे केलं तेवढंच सांगायचं. एक गोलसुद्धा जास्त नको. हुकावर पाच टन लिहिलेलं असतं, तेव्हा कुणीतरी पाच टन लावून बघितलेलं असतं. कुणी सहा लिहिलं तर खालच्या माणसाचा जीव जातो."

"माझा शब्द," गिरिजा म्हणाली.

तिने परिचय लिहिला. साधा, सरळ. संजीवला पाठवला. त्याचा फोन आला.

"छान आहे वहिनी. पण जरा कोरडा वाटतो."

"ती कोरडीच आहे, दादा."

"तसं नव्हे हो. लोक टाळ्या कुठे वाजवणार? मी थोडी फोडणी देतो."

"शब्दांची द्या. गोष्टींची नको. मी तिला तसं कबूल केलंय."

"अहो वहिनी! आम्ही इतकी वर्षं सूत्रसंचालन करतोय," संजीव हसला.

गणपतीतल्या रविवारी हॉल भरला. बाहेर शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा धूर पसरलेला. आदल्या दिवशीचा सरावही त्यापायी रद्द झाला होता. लोक तोंडावर मास्क लावून आले आणि आत आल्यावर काढून खिशात कोंबत होते. मखर मुलींनी केलेलं. पहिल्या रांगेत अख्खा संघ, परकर-पोलक्यांत आणि सलवारींत, एकमेकींना कोपरं मारत. गेझीना स्टेजवर मधल्या खुर्चीत, निळ्या शर्टात, हात गुडघ्यांवर ठेवून. गिरिजा बाजूला तबक घेऊन उभी होती.

संजीवचा आवाज खरोखर चांगला होता. तो मराठीतच बोलला.

"जर्मनी! ज्या मातीत फुटबॉल उगवतो! ज्या देशाने विश्वचषकावर नाव कोरलं, त्या विश्वविजेत्या संघाची आघाडीची फळी जिने सांभाळली, जिच्या गोलांनी जग जिंकलं, ती रणरागिणी आज आपल्या सेंगकांगमध्ये आपल्या लेकी घडवते आहे!"

हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. गेझीनाला एक अक्षर कळलं नव्हतं. ती थोडी लाजली, उठली, मान लववली. पहिल्या रांगेत मात्र कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मुली एकमेकींकडे बघत होत्या. जाईने आईकडे पाहिलं आणि तिथल्या शाळकरी इंग्रजीत ओठांनीच म्हटलं, "आई, दॅट्स रॉंग लाह."

गिरिजाच्या हातातलं तबक जड झालं. समोर संजीव. त्याने तिच्या तापलेल्या पोरीला उचलून नेलं होतं. त्याला चारचौघांत खोटं पाडायचं? आणि न पाडावं तर ही बाई शाल पांघरून, न केलेल्या गोलांचा मान घेऊन घरी जाणार, आणि पुढे कधीतरी तिला कळणारच. मुलींना तर आत्ताच कळलंय. मग गिरिजाने दिलेला शब्द काय कामाचा?

शाल घालायच्या निमित्ताने ती वाकली आणि गेझीनाच्या कानात म्हणाली, "तू विश्वचषक जिंकलास असं त्याने सांगितलं. मी तसं लिहिलं नव्हतं."

गेझीनाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने शाल खांद्यावरून काढली, घडी घालून तबकात ठेवली आणि संजीवकडे हात पुढे केला. त्याने माईक दिला. त्याला वाटलं, आभार मानणार.

"थँक यू," ती इंग्रजीत म्हणाली. "पण हे जे सांगितलं ती मी नाही. मी एवढं मोठं काही जिंकलेलं नाही. ते दुसऱ्यांनी जिंकलं."

हॉलमध्ये पहिल्यापेक्षा मोठ्याने टाळ्या पडल्या. "वा! काय साधेपणा!" मागून कुणी म्हणालं. "हे लोक असेच असतात, बघा. पाय जमिनीवर." सत्काराला उभं राहिलेलं माणूस 'मी कसली मोठी' म्हणतंच. हॉलमधल्या प्रत्येकाने ते शंभरदा ऐकलेलं होतं आणि शंभरही वेळा त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

गेझीना गोंधळली. तिने पुन्हा माईक तोंडाशी नेला. "नाही, नाही. मी त्या संघात नव्हते."

संजीवच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग त्याने दुसरा माईक उचलला आणि हसत म्हणाला, "मॅडमचं म्हणणं असं, की कप कुणा एकाचा नसतो. संघाचा असतो! केवढा हा विनय!"

पुन्हा टाळ्या. गेझीना गिरिजाकडे बघू लागली. ती बघणं मदत मागणारं नव्हतं. तू शब्द दिला होतास, एवढंच त्यात होतं.

गिरिजाने तबक खुर्चीवर ठेवलं आणि तिच्या हातातून माईक घेतला.

"दादा, मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. हा विनय नाही. त्या विश्वविजेत्या संघात नव्हत्या. जर्मनीकडून एकही सामना खेळल्या नाहीत. एकदा राखीव बाकावर बसल्या, तेवढंच."

संजीवच्या मानेपर्यंत लाली चढली.

"त्या काय होत्या ते मी सांगते," गिरिजा म्हणाली. आणि तिने सांगितलं. वीटभट्टी, सायकल, पहाटेची पाळी, सोळा वर्षं वरच्या श्रेणीची लीग, गुडघा, वर्षभराने पुन्हा मैदान. दहातल्या नऊ वेळा फुकट पळणं. मध्ये ती अडखळली तेव्हा पहिल्या रांगेतून जाई ओरडली, "आई, रेफरीचं सांग!" म्हणून तेही सांगितलं.

टाळ्या पडल्या, पण पहिल्यासारख्या नव्हेत. काही लोक अवघडून बसले होते. काहींचं लक्ष मागे मांडलेल्या मसालेभाताच्या वासाकडे होतं. तिसऱ्या रांगेतल्या सविताताईंनी, त्या हॉस्पिटलात नर्स होत्या, बसल्या जागेवरून विचारलं, "रात्रभर बस आणि सकाळी ड्यूटी? मग झोपायच्या कधी हो?" गिरिजाने ते इंग्रजीत केलं. गेझीना म्हणाली, "बसमध्ये. उभ्या राहणाऱ्या दर खेपेला बदलायच्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या सीट नव्हत्या." सविताताई मोठ्याने हसल्या. तेवढंच एक हसणं.

मग गेझीनाने शाल पुन्हा खांद्यावर घेतली, नारळ घेतला आणि बसली.

चपलांच्या रॅकपाशी संजीवने गिरिजाला गाठलं.

"वहिनी, मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं."

"तुम्ही माईक खाली ठेवला असता तर सांगितलं असतं. तिने दोनदा सांगितलं, दादा. दुसऱ्यांदा तुम्हाला कळलं होतं."

त्याने रॅकमधून चपला ओढून घेतल्या. मग म्हणाला, "चारचौघांत नाक कापलंत माझं. आणि कुणासाठी? ती उद्या बदली होऊन जाईल. आपल्याला इथे एकमेकांचं तोंड बघायचंय."

"हो. म्हणूनच," गिरिजा म्हणाली. पण त्याने गाडीची किल्ली काढली होती.

रूपेशने जहाजावरून फोन केला तेव्हा तो आधी चिडला. "अगं, त्याच्याशी वाकडं घेतलंस? मी इथे, तू एकटी तिथे. उद्या काही झालं तर कुणाला बोलावशील?" हा प्रश्न गिरिजाने स्वतःलाही विचारून झाला होता. मग तोच म्हणाला, "कॅप्टनचं तोंड आठवतंय मला, रोप नापास झाला तेव्हाचं. अगदी तस्संच झालं असेल संजीवचं." आणि दोघं हसले, पण गिरिजाला नंतर झोप नीट लागली नाही.

धूर वाढत गेला. शाळासुद्धा एक दिवस बंद ठेवल्या. शनिवारचा सराव पुढे ढकलत ढकलत ऑक्टोबर संपला. मुलींच्या आयांचा ग्रुप गप्प होता. धुरामुळे गप्प की रागामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. गिरिजा कुणाला विचारायला गेली नाही. धूर निवळेल तेव्हा दिसेल, असं म्हणून तिने मैदानाचं बुकिंग आपल्या नावावर करून ठेवलं.

गेझीनाला तिने एकदाच विचारलं, "मुली आल्या नाहीत तर?"

"जेवढ्या येतील तेवढ्यांना शिकवू."

"आणि कुणीच नाही आली?"

"जाई येईल ना? मग गोलकीपर तू."

नोव्हेंबरात आकाश धुतल्यासारखं झालं. पहिल्या शनिवारी मुली आल्या त्या निम्म्याच. संजीवच्या मित्रांच्या मुली नव्हत्या. गार्गी नव्हती. गेझीनाने कोण आलं नाही ते विचारलं नाही. कोन मांडले आणि डाव्या पायापासून सुरू केलं. दीड महिना घरी बसून मुली फुगल्या होत्या, धापा टाकत होत्या. तिने कुणाला सूट दिली नाही. गिरिजाला मैदानाचा रिकामा अर्धा भाग बघवत नव्हता. ती पाठ करून उभी राहिली.

पुढच्या शनिवारी सराव सुरू व्हायच्या आधी यिशुनची ती ओळखीची गाडी येऊन थांबली. गार्गी दार आपटून उतरली आणि थेट पळत मुलींत गेली. तिच्या मागून संजीव, घरच्या कपड्यांत, पायात ऑफिसचे बूट.

"ऐकतच नाही," तो गिरिजाला म्हणाला, तिच्याकडे न बघता. "म्हणते, चूक तुम्ही बोललात, कोच नाही. मग मी का नाही जायचं? घरात जेवण बंद करून बसली."

"खाल्लं का मग आज?"

"गाडीत खाल्लं. दोन पराठे." त्याने बुटाला लागलेला चिखल गवतावर पुसला. "मला खरंच वाटलं होतं हो, वहिनी. जर्मनी, फुटबॉल, स्ट्रायकर. वाटलं, असणारच. तुम्ही लिहिलेलं मी नीट वाचलंच नाही. आणि ती नाही म्हणाली तेव्हा माझ्या हातात माईक होता."

"मला नका सांगू. तिला सांगा."

तो मैदानाच्या कडेने गेझीनाकडे गेला. गिरिजा दोन पावलं मागे. इंग्रजीत त्याने माफी मागितली. नीट मागितली, फोडणी न देता. गेझीनाने ऐकून घेतलं.

"ते तुम्ही बोललात, आणि गिरिजाने दुरुस्त केलं. झालं ते," ती म्हणाली. "पण मागच्या शनिवारी गार्गी घरी का बसली? तिने काय केलं होतं?"

संजीवने मुलींत पळणाऱ्या गार्गीकडे पाहिलं.

"बाकीच्यांनाही घरी बसवलंय का?"

"मी सांगतो त्यांना."

"आज सांगा. अर्ध्या संघाला पास देता येत नाही." आणि कुंपणाला टेकवलेल्या लोखंडी गोलपोस्टकडे तिने हात केला. "आधी ते मध्ये न्यायचंय. त्या बाजूने धरा."

संजीवने पुढे होऊन पाइप धरला आणि कमरेतून वाकून जोर लावला. पोस्ट जागचं हललं नाही.

"पाठ जाईल," गेझीना म्हणाली. "गुडघ्यात वाका. मी म्हणेन तेव्हा उचला. आत्ता."

दोघांनी उचललं. तिचा पाय ओढत होता, त्याचे बूट ओल्या गवतात घसरत होते. मैदानाच्या मध्यापर्यंत नेऊन ठेवलं. संजीव घामाने निथळला होता. त्याने बाहीने कपाळ पुसलं आणि मागे बघितलं.

"वहिनी, एवढंच ना?"

"दुसऱ्या बाजूचंही आहे, दादा," गिरिजा म्हणाली.